‘ऑफन’ म्हणजे नेमकं किती वेळा? इंग्रजीतल्या या शब्दांचा हिशोब मराठी माणसाला का लागत नाही?

नांदेडपासून साधारण वीस किलोमीटरवरचं अर्धापूर केळीसाठी ओळखलं जातं. हा भाग ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या, म्हणजे ईसापूर धरणाच्या लाभक्षेत्रात येतो. इथल्या शेतकऱ्याला कालव्याचं पाणी ‘अधूनमधून मिळेल’ असं सांगितलं तर त्याचं समाधान होत नाही. यंदा किती आवर्तनं सुटणार आणि दोन आवर्तनांमध्ये किती दिवसांचं अंतर असणार, हे त्याला कळायला हवं असतं. ‘अधूनमधून’ या शब्दावर केळीची बाग जगत नाही.

आता याच शेतकऱ्याचा मुलगा इंग्रजीच्या तासाला बसलेला असतो. फळ्यावर सहा शब्द लिहिलेले असतात: ऑलवेज, यूजवली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर. अर्थ समोरच दिलेले असतात: नेहमी, सहसा, बऱ्याचदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही. पाठ झाले की धडा संपतो. पण पुढे मुलाखतीत, सरकारी फॉर्मवर किंवा औषधाच्या पाकिटावर हेच शब्द समोर आले की गडबड होते.

महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्याआधी पाचवीपासून इंग्रजी असायचं. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या पिढीने हे शब्द लहानपणापासून ऐकलेत. तरीही ते अडतात. का, तेच पाहू.

हे शब्द नेमके कोणते?

एखादी गोष्ट किती वेळा घडते हे सांगणारी ही क्रियाविशेषणं. मराठी व्याकरणातही त्यांच्यासाठी वेगळा कप्पा आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेल्यांना आठवत असेल, कालवाचक क्रियाविशेषण अव्ययांचे तीन प्रकार शिकवले जातात: कालदर्शक, सातत्यदर्शक आणि आवृत्तिदर्शक. वारंवार, दररोज, पुन्हा पुन्हा, दोनदा हे शब्द आवृत्तिदर्शक गटात येतात.

इंग्रजीत या शब्दांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात आकडा पक्का असतो: डेली, वीकली, एव्हरी मंडे, ट्वाइस अ मंथ. दुसऱ्या गटात आकडा नसतो, फक्त अंदाज असतो: ऑफन, समटाइम्स, रेअरली वगैरे. शाळेत पाठ करून घेतले जाणारे शब्द बहुतेक दुसऱ्या गटातले, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

मराठीत ‘कधी’चा मोठा गोतावळा

मराठीत हे शब्द कमी नाहीत. उलट जास्तच आहेत. एकट्या ‘कधी’चं कुटुंब बघा. कधी, कधी कधी, कधीतरी, कधीमधी, कधीही, कधीच, कधी नव्हे ते. मराठवाड्यातल्या बोलीत याच ‘कधी’चं ‘कवा’ किंवा ‘कव्हा’ होतं.

शिवाय हे शब्द वेगवेगळ्या वाटांनी आलेत. सदा, वारंवार, क्वचित हे संस्कृतातून आले. रोज, हमेशा, हरदम, दरसाल हे फारसीकडून. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे ‘हमेशा’सारखे शब्द इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी सहज येतात.

पण मराठीची खरी गंमत शब्दांच्या पलीकडे आहे. किती वेळा घडतं, हे मराठी माणूस कित्येकदा क्रियापदातच सांगून टाकतो. ‘तो येतो’ आणि ‘तो येत असतो’ यात फरक आहे. दुसऱ्या वाक्यात येण्याची सवय आहे, पण ‘नेहमी’ किंवा ‘बऱ्याचदा’ असा शब्द कुठेच नाही. ‘आजोबा पहाटे उठायचे’ म्हटलं की रोजची सवय कळते. व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. आणि ‘तो उशिरा येतोच’ यातला एकटा ‘च’ इंग्रजीतल्या ‘ऑलवेज’चं काम करून जातो.

म्हणून मराठी डोक्यातलं वाक्य इंग्रजीत नेताना हा भाग गळून पडतो. ‘मी लायब्ररीत जात असतो’ याचं ‘आय अ‍ॅम गोइंग टू लायब्ररी’ होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आत्ता लायब्ररीत निघालाय. खरं तर म्हणायचं होतं ‘आय ऑफन गो टू द लायब्ररी’. मराठीत ‘असतो’ने केलेलं काम इंग्रजीत ‘ऑफन’ला करावं लागतं.

गाडी कुठे अडते? चार ठिकाणी

पहिली अडचण जागेची. मराठीत ‘मी नेहमी नांदेडला जातो’, ‘नेहमी मी नांदेडला जातो’, ‘नांदेडला मी नेहमी जातो’ ही तिन्ही वाक्यं चालतात. जोर बदलतो, वाक्य चुकत नाही. इंग्रजीत मात्र या शब्दाची खुर्ची ठरलेली असते. मुख्य क्रियापदाच्या आधी: ‘आय ऑलवेज गो टू नांदेड’. पण क्रियापद इज, अ‍ॅम, आर, वॉज, वेअर यांपैकी असेल तर त्याच्या नंतर: ‘द बस इज ऑलवेज लेट’. सहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये: ‘आय हॅव नेव्हर सीन ईसापूर डॅम’.

यूजवली, समटाइम्स, ऑफन हे वाक्याच्या सुरुवातीलाही बसतात. ऑलवेज आणि नेव्हर साध्या वाक्याच्या सुरुवातीला सहसा येत नाहीत. पण आज्ञा किंवा सूचना असेल तर तिथेही चालतात. ‘नेव्हर टच धिस वायर’ ही पाटी बरोबर आहे. आणि आकडा पक्का असलेले शब्द, म्हणजे एव्हरी डे, ट्वाइस अ वीक, हे बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी जातात.

दुसरी अडचण ‘नाही’ची. मराठीत ‘कधीच’ आलं की मागोमाग ‘नाही’ लागतंच. ‘तो कधीच येत नाही.’ इंग्रजीत ‘नेव्हर’च्या पोटातच ‘नाही’ असतं. त्यामुळे मराठी वळणाने तयार झालेलं ‘ही नेव्हर डझन्ट कम’ हे वाक्य प्रमाण इंग्रजीत उलट अर्थाचं होतं. तो कधीच येत नाही असं नाही, म्हणजे येतो! रेअरली, सेल्डम, हार्डली एव्हर यांचंही तसंच. त्यांच्यात अर्धा नकार आधीच असतो, म्हणून सोबत ‘नॉट’ लावायचं नसतं.

तिसरी अडचण ‘नेहमी नाही’ची. ‘तो नेहमी येत नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, तो येतो, पण दर वेळी नाही. दोन, त्याचं न येणं हेच नेहमीचं आहे. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून अर्थ कळतो, कागदावर कळत नाही. इंग्रजीत ‘ही डझन्ट ऑलवेज कम’ याचा पहिलाच अर्थ होतो. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘ही नेव्हर कम्स’. मराठीत स्पष्ट लिहायचं असेल तर ‘तो नेहमी येतोच असं नाही’ हे वाक्य वापरावं.

चौथी अडचण सुराची. ‘तो नेहमी फोन करतो’ आणि ‘तो सारखा फोन करतो’ यात फरक काय? दुसऱ्या वाक्यात वैताग आहे. इंग्रजीत हा वैताग वाक्याच्या काळातून येतो. ‘ही ऑलवेज कॉल्स मी’ ही साधी माहिती, पण ‘ही इज ऑलवेज कॉलिंग मी’ ही बहुतेकदा तक्रार. साहेबांबद्दल लिहिताना चुकून दुसरं वाक्य गेलं, तर कौतुक करायला गेलो आणि तक्रार झाली अशी गत होते.

जाता जाता एक जुळ्यांची जोडी. क्वचित आणि कदाचित. ‘क्वचित’ म्हणजे फार कमी वेळा, ‘कदाचित’ म्हणजे घडेल किंवा न घडेल. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘रेअरली’, दुसऱ्यासाठी ‘मेबी’ किंवा ‘परहॅप्स’. दोन्हींची अदलाबदल झाली की वाक्याचा सगळा अर्थच फिरतो.

टक्केवारीची शिडी किती खरी?

व्याकरणाच्या पुस्तकांत आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओंत एक शिडी हमखास दिसते. ऑलवेज शंभर टक्के, यूजवली ऐंशी-नव्वद, ऑफन सत्तरच्या आसपास, समटाइम्स पन्नास, रेअरली पाच-दहा, नेव्हर शून्य. पण दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघा. मधल्या पायऱ्यांचे आकडे जुळतीलच असं नाही.

कारण सोपं आहे. हे आकडे शिकवण्याच्या सोयीसाठी आहेत. भाषेने ते ठरवून दिलेले नाहीत.

यावर अमेरिकेत बरंच काम झालंय. १९४४ साली रे सिम्पसन यांनी विद्यार्थ्यांना असे शब्द देऊन विचारलं की प्रत्येक शब्द म्हणजे शंभरातले किती? १९६८ साली मिल्टन हॅकेल यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. दोन्ही वेळी शब्दांचा क्रम आणि सरासरी बऱ्यापैकी सारखी निघाली. पण माणसागणिक उत्तरांत मोठी तफावत होती. एकाचं ‘ऑफन’ दुसऱ्याच्या ‘समटाइम्स’इतकं असू शकतं.

१९७४ साली पेपर आणि प्रिटुलाक या दोन संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शब्दाचा आकडा कोणत्या घटनेबद्दल बोलतोय त्यावरही ठरतो. मुळातच दुर्मिळ असलेल्या घटनेला ‘वारंवार’ म्हटलं, तर ऐकणारा मनात लहान आकडा धरतो.

हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. ‘अर्धापूरहून नांदेडला वारंवार गाड्या आहेत’ म्हटलं तर आपण मिनिटांचा हिशोब करतो. ‘हिंगोली-नांदेड पट्ट्यात वारंवार भूकंपाचे धक्के बसतात’ म्हटलं तर? २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी या भागात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के जाणवले. मध्ये जवळपास चार महिन्यांचं अंतर. तरी ‘वारंवार’ हा शब्द कोणाला खटकत नाही. गाडी चार महिन्यांनी आली असती तर त्याला ‘वारंवार’ कोणी म्हटलं नसतं!

‘रेग्युलर’ म्हणजे वारंवार नव्हे

मराठवाड्यात ज्या शब्दाचा सर्वाधिक गोंधळ होऊ शकतो तो म्हणजे ‘रेग्युलरली’. नळाला पाणी दर आठ दिवसांनी, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येतं असं समजा. हा पुरवठा ‘रेग्युलर’ आहे का? आहे. अंतर ठरलेलं आहे आणि ते पाळलं जातं. तो ‘फ्रिक्वेंट’ आहे का? अजिबात नाही.

एखाद्या अहवालात ‘वॉटर इज सप्लाइड रेग्युलरली’ असं लिहिलं असेल, तर वाक्य खोटं नसतं. पण वाचणाऱ्याला वाटतं की रोज पाणी येतंय. लातूरने २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिलं. त्या वर्षी १२ एप्रिलला पहिली गाडी लातुरात पोहोचली. अशा प्रदेशात ‘नियमित’ आणि ‘पुरेशा वेळा’ यांतला फरक म्हणजे घरात किती पिंपं भरून ठेवायची याचा हिशोब असतो.

इथे मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. ‘दिवसाआड’ हा एकच शब्द बघा. इंग्रजीत त्यासाठी ‘ऑन ऑल्टरनेट डेज’ किंवा ‘एव्हरी अदर डे’ असे तीन-तीन शब्द लागतात. आणि इंग्रजीतला ‘बायवीकली’ तर बदनामच आहे. त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. मराठीत ‘पाक्षिक’ म्हटलं की पंधरा दिवस, विषय संपला.

जिथे चूक परवडत नाही

आतापर्यंतच्या चुकांमुळे फार तर मार्क जातील किंवा मुलाखतीत हसू होईल. पण दोन जागा अशा आहेत जिथे या शब्दांवर बरंच काही अवलंबून असतं.

पहिली जागा औषधांची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी, बीडी, टीडीएस असं लिहिलेलं असतं. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. यातली बरीच लॅटिन शब्दांची लघुरूपं आहेत, पण मुळात ती ‘किती वेळा’ याचीच उत्तरं आहेत.

मेथोट्रेक्सेट नावाचं एक औषध आहे. संधिवाताच्या काही प्रकारांत ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ‘वीकली’च्या जागी कोणी ते ‘डेली’ घेतलं तर शरीरात विषबाधा होते. अशा चुकीमुळे जगात अनेक रुग्णांचे जीव गेलेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली यासाठी खास खबरदारीचे उपाय सुचवले. यातली सगळ्यात साधी खबरदारी म्हणजे ‘आठवड्यातून एकदा’ यावर न थांबता वार लिहून देणं. ‘दर सोमवारी’ असं लिहिलं की गोंधळाला जागाच उरत नाही.

पाकिटातल्या माहितीपत्रकावर दुष्परिणामांपुढे ‘कॉमन’, ‘रेअर’ असे शब्द असतात. युरोपात या शब्दांचा आकडा ठरवून दिलेला आहे. ‘कॉमन’ म्हणजे शंभरातल्या एक ते दहा जणांना. ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांतल्या एक ते दहा जणांना. रोजच्या बोलण्यात आपण ‘कॉमन’ म्हणतो तेव्हा अर्ध्याअधिक लोकांना होणारी गोष्ट डोळ्यांपुढे असते. माहितीपत्रकातला अर्थ तसा नसतो. त्यामुळे शब्द वाचून घाबरून औषध बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी जागा सर्वेक्षणांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात दूध, डाळ, फळं, अंडी किती वेळा खाता असं विचारताना पर्याय असतात: रोज, आठवड्यातून, कधीतरी, कधीच नाही. पहिल्या दोन पर्यायांत आकडा आहे. ‘कधीतरी’त नाही. महिन्यातून दोनदा फळ खाणारी बाई आणि फक्त सणाला खाणारी बाई एकाच चौकटीत जातात.

याच सर्वेक्षणात नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीबद्दलही विचारतात. गेल्या बारा महिन्यांत हे वारंवार झालं, कधी कधी झालं की झालं नाही? आता ज्या घरात मारहाण अंगवळणी पडली आहे, तिथली बाई महिन्यातून एकदा मार खाऊनही ‘कधी कधी’ म्हणू शकते. दुसरीला वर्षातून दोनदाही ‘वारंवार’ वाटू शकतं. पुढे या चौकटींची बेरीज होते, टक्केवारी निघते आणि त्यावर चर्चा होते. तेव्हा शब्दामागे काय होतं, हे आकड्यात दिसत नाही.

याउलट नैराश्य तपासण्यासाठी डॉक्टर वापरतात ती नऊ प्रश्नांची पीएचक्यू-नाइन ही चाचणी बघा. तिथे ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असा काळ ठरवून दिलाय. पर्याय आहेत: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. ‘समटाइम्स’ आणि ‘ऑफन’ दोघांनाही तिथे जागा नाही. माणसाला दिवस मोजता येतात, ‘बऱ्याचदा’ मोजता येत नाही, हे त्यात गृहीत धरलंय.

मग करायचं काय?

तर सोपा नियम असा. इंग्रजी बोलताना-लिहिताना या शब्दाची जागा तपासा: मुख्य क्रियापदाच्या आधी, पण इज-अ‍ॅम-आरच्या नंतर. नेव्हर, रेअरली, सेल्डम सोबत ‘नॉट’ लावू नका. आणि मराठी वाक्यात ‘असतो’, ‘यायचा’, ‘येतोच’ असं काही असेल तर इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द लागेल, हे लक्षात ठेवा.

मुलाखतीत ‘हाऊ ऑफन डू यू यूज अ कॉम्प्युटर?’ असं विचारलं तर नुसतं ‘समटाइम्स’ म्हणून थांबू नका. विचारणाऱ्याच्या मनातलं ‘समटाइम्स’ तुमच्यापेक्षा खूप कमी असू शकतं. ‘थ्री ऑर फोर टाइम्स अ वीक’ हे उत्तर तेवढंच सोपं आहे आणि त्यात गैरसमज होत नाही.

तसंच दुसऱ्या बाजूने. डॉक्टर, बँक, विमा कंपनी किंवा नगरपंचायत यांच्या कागदावर रेग्युलरली, पीरिऑडिकली, ऑकेजनली, फ्रॉम टाइम टू टाइम असा शब्द दिसला, की एकच प्रश्न विचारायचा: म्हणजे किती दिवसांनी? उत्तरात आकडा मिळाला तर तो तिथेच पेनाने लिहून घ्या. नाही मिळाला, तर त्या कागदाने तुम्हाला नेमकं काहीच सांगितलेलं नाही, असं समजा.